सेरोटोनिनची चिठ्ठी

आईला काही सांगावं लागलं नाही. तिने मुलाला मांडीवर घेतलं, त्याचे पाय आपल्या पायांत अडकवले, डावा हात काखेत दाबून धरला आणि उजवा हात माझ्यापुढे केला. "सवय झालीय आता, ताई," ती म्हणाली. मुलगा चार वर्षांचा, ऑटिझम असलेला. भांडुपहून सकाळच्या गर्दीत लोकलने दादरला आमच्या लॅबमध्ये आणलेला, उपाशीपोटी. सुई टोचली तेव्हा तो ओरडला, पण डोळे माझ्या ट्रेमधल्या जांभळ्या टोपीच्या ट्यूबवरून हलले नाहीत. रक्त काढून झाल्यावर मी त्याला एक कोरी टोपी दिली. ती त्याने टेबलावर गरकन फिरवली, थांबेपर्यंत बघत राहिला, पुन्हा फिरवली. पुन्हा. हुंदके आपोआप थांबले.

चिठ्ठीवर तीन तपासण्या होत्या. सीबीसी, व्हिटॅमिन डी आणि सेरोटोनिन. तिसरीचं सॅम्पल आमच्याकडून बर्फात घालून बाहेरच्या लॅबला जायचं आणि तिघींत सगळ्यात महाग तीच. आठवड्याने रिपोर्ट न्यायला आई एकटी आली. सेरोटोनिनचा आकडा ठळक छापलेला होता, शेजारी वर जाणारा बाण. काउंटरपाशी उभ्या उभ्याच तिने कागद उघडला आणि मला विचारलं, "ताई, हे मेंदूतलं आहे ना?"

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील."

रिपोर्टचा अर्थ टेक्निशियनने सांगायचा नाही, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण तिने अर्थ विचारलाच नव्हता. कागदावरचा आकडा शरीरात कुठला, एवढंच ती विचारत होती आणि त्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. नाही, हे मेंदूतलं नाही. त्या दिवशी ते बोलले नाही, याची टोचणी अजून आहे. आता नोकरी संपली आहे, तर लिहून सांगते.

माझं म्हणणं असं आहे. ऑटिझम असलेल्या मुलाच्या रक्तातलं सेरोटोनिन मोजायला सांगणं, आणि त्या आकड्याच्या जोरावर गोळ्या, पावडरी, पथ्यं किंवा इंजेक्शनं विकणं, हे मुंबईत बंद झालं पाहिजे. संशोधनासाठी मोजा, आईबापांची लेखी संमती घेऊन, पैसे न घेता मोजा. तपासणी म्हणून विकू नका. सेरोटोनिनचा ऑटिझमशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. संबंध आहे, आणि फार खोल आहे. म्हणूनच त्याचा असा बाजार झालेला बघवत नाही.

आधी त्या ट्यूबमध्ये काय असतं ते सांगते. सेरोटोनिन म्हटलं की लोकांपुढे मेंदू येतो. 'हॅपी हार्मोन' म्हणून व्हॉट्सॲपने त्याची ओळख करून दिलेली आहे. पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन बनतं ते आतड्याच्या अस्तरात. तिथून ते रक्तात उतरतं आणि उतरल्या उतरल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, ते शोषून घेतात. प्लेटलेट्सना ते स्वतः बनवता येत नाही, त्या नुसत्या वाहून नेतात. जखम झाली की तिथे ते सोडतात आणि रक्तवाहिनी आकसते. हे द्रव्य सापडलं तेसुद्धा याच गुणामुळे. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्ताच्या सीरममधून, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातून, ते वेगळं काढलं. सीरममध्ये मिळालं आणि वाहिनीचा ताण वाढवतं, म्हणून नाव सेरोटोनिन. ते मेंदूतही असतं हे बेटी ट्वारॉग यांनी दाखवलं त्याला आणखी पाच वर्षं जावी लागली.

मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो. कच्चा माल, म्हणजे अन्नातून येणारं ट्रिप्टोफॅन, त्याला रक्तातून मिळतो. तयार सेरोटोनिन मात्र रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही आणि मेंदूतलं रक्तात मोजता येत नाही. बनवणारं एन्झाइमसुद्धा दोन्हीकडे एकच नाही: आतड्याचं एक, मेंदूचं दुसरं, आणि हे दुसरं २००३ साली उघडकीला आलं. म्हणजे एकाच नावाचे दोन कारखाने, मधे भिंत.

कुणाला हे पुस्तकी वाटत असेल तर साधी गोष्ट बघा. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या (फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे) मेंदूतल्या पेशींना सेरोटोनिन परत शोषून घेऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे ते जास्त वेळ काम करतं. प्लेटलेट्सवर शोषून घेणारा पंप तोच असतो. गोळी तोही बंद करते. मग प्लेटलेट्स रिकाम्या राहतात आणि काही आठवडे गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तातलं सेरोटोनिन धाडकन खाली येतं. मेंदूत परिणाम वाढलेला, रक्तात आकडा पडलेला. आता त्या बाणाकडे बघून मेंदूचं कुणी काय सांगणार?

आणि तो आकडा तरी किती खरा? तीस वर्षं ट्यूबा हाताळल्यात म्हणून हे अधिकाराने सांगते. रक्त गोठताना प्लेटलेट्स आपल्यात साठवलेलं सेरोटोनिन ओतून टाकतात. त्यामुळे सीरममध्ये मोजलं तर एक आकडा येतो, प्लाझ्मात, म्हणजे न गोठलेल्या रक्तातल्या द्रवात, मोजलं तर अगदी वेगळा. हातपाय झाडणाऱ्या, किंचाळणाऱ्या मुलाची बारीक शीर सापडत नाही, सुई दोनदा आत फिरवावी लागते, सिरिंज जोरात ओढली जाते, ट्यूब वाजवीपेक्षा जास्त हलवली जाते. अशा सॅम्पलमध्ये प्लेटलेट्स फुटतात. मग सॅम्पल बर्फात जातं की टेबलावर तासभर पडून राहतं, यावर आणखी फरक. मुळात ही तपासणी आहे कार्सिनॉइड नावाच्या गाठींसाठी. त्या गाठी सेरोटोनिन ओततात, तेव्हा आकडा इतका वर जातो की असा थोडाफार घोळ झाला तरी निदान चुकत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर जो बारीकसा बाण येतो, त्याला ही मोकळीक नाही. आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टवर नॉर्मलची मर्यादाही एकच छापलेली असायची, मूल असो वा म्हातारा. वास्तविक वयात येण्याआधी ही पातळी जास्त असते आणि नंतर उतरते, वंशावंशांतही तिच्यात फरक पडतो, हे १९९८ च्या अभ्यासात दाखवून झालेलं आहे. लॅबच्या कामाचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएलचं प्रमाणपत्र आमच्याकडे आहे, असं उत्तर मिळेल. ते प्रमाणपत्र तपासणी नीट केली एवढंच सांगतं. तपासणी करायला हवी होती का, हे ते सांगत नाही.

तरीही शास्त्रज्ञ याच्या मागे साठ वर्षं का लागलेत?

१९६१ मध्ये शेन आणि फ्रीडमन या दोघांनी ऑटिझम असलेल्या काही मुलांच्या रक्तात सेरोटोनिन जास्त असल्याचं नोंदवलं. ऑटिझममध्ये शरीरात मोजता येण्याजोगं काही सापडलं ते तेव्हा पहिल्यांदा. पुढे अनेक देशांत ते पुन्हा पुन्हा दिसलं आणि टिकलं. जैविक मानसशास्त्रात इतकी वर्षं टिकलेली निरीक्षणं थोडी आहेत. त्या काळाचाही विचार करा. पन्नास-साठच्या दशकात अमेरिकेत भले भले डॉक्टर सांगत होते की आई फ्रिजसारखी थंड असते, प्रेम देत नाही, म्हणून मूल असं होतं. रक्तातला हा आकडा त्या क्रूर समजुतीविरुद्ध उभा राहिलेल्या पहिल्या पुराव्यांपैकी एक होता. त्या अर्थाने या तपासणीचे आयांवर उपकार आहेत.

पण हे वाढलेलं सेरोटोनिन ऑटिझम असलेल्या सगळ्यांत नसतं. साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात असतं. म्हणजे बहुसंख्य मुलांचा आकडा अगदी नॉर्मल येतो आणि त्यांना ऑटिझम असतोच. उलट ज्या घरात वाढलेला सापडतो तिथे कधी बापाचा, कधी साध्यासुध्या बहिणीचाही वाढलेला निघतो. अशा आकड्याने निदान होत नाही, निदान नाकारताही येत नाही, ऑटिझम किती तीव्र आहे तेही कळत नाही. मग तो आईच्या हातात ठेवायचा कशासाठी?

(इथे एक सांगायचं राहील म्हणून सांगते. मराठीत आपण 'स्वमग्न' म्हणतो. मला तो शब्द कधी पटला नाही. टोपी फिरवणारा तो मुलगा स्वतःत मग्न नव्हता. तो टोपीत मग्न होता, आणि इतका मनापासून की आपल्यातलं कुणी क्वचितच कशात होत असेल. म्हणून मी ऑटिझमच म्हणते.)

सेरोटोनिनची खरी गोष्ट मुलाच्या जन्माच्या आधी सुरू होते. गर्भ जेमतेम पाच आठवड्यांचा असतो, आईला पाळी चुकल्याचं नुकतं कळलेलं असतं, तेव्हाच मेंदूच्या देठात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी दिसू लागतात. सबंध मेंदूतल्या अब्जावधी पेशींत या केवळ काही लाख. पण त्यांचे धागे पुढे मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात जातात. या वेळी सेरोटोनिनचा मनःस्थितीशी काही संबंध नसतो, कारण मन घडायचंच असतं. या वेळी ते बांधकामावरच्या मुकादमासारखं असतं. कुठल्या पेशींनी आणखी विभागायचं, कुणी थांबायचं, कुणी सरकत कुठल्या थरात जाऊन बसायचं, कुणाचा धागा कुणाला जोडायचा, अशा कामांत त्याचा हात असतो. बांधकाम पुरं झाल्यावर मुकादम जात नाही. त्याच इमारतीत राहतो, पण काम बदलतं. झोप, भूक, मूड हे त्याचं नंतरचं काम. आपल्याला ओळख आहे ती या नंतरच्या कामाची.

गर्भाच्या स्वतःच्या पेशी पुरेशा कामाला लागेपर्यंत सेरोटोनिन कुठून येतं, याचं उत्तर २०११ मध्ये उंदरांवरच्या संशोधनात मिळालं: वारेतून. जिला आपल्याकडे आजवर पुरून टाकायची वस्तू समजत आले, ती वार आईच्या रक्तातलं ट्रिप्टोफॅन घेऊन स्वतः सेरोटोनिन बनवते आणि ते गर्भाच्या पुढच्या मेंदूपर्यंत पोचतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

मुकादमाचं प्रमाण बिघडलं तर काय होतं, तेही उंदरांनीच दाखवलं. उंदराच्या मेंदूत त्याच्या प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एकेक ठिपका असतो. मिशा ज्या ओळीत तोंडावर, त्याच ओळीत ठिपके मेंदूत, जणू नकाशा. सेरोटोनिन मोडणारं एमएओ-ए हे एन्झाइम ज्या उंदरांत जन्मतः नसतं, त्यांच्यात सेरोटोनिन साचतं आणि हा नकाशा उमटतच नाही. धागे नको तिथे पसरतात. पण जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत औषध देऊन सेरोटोनिनची निर्मिती रोखली, तर नकाशा पुन्हा उमटतो. त्या मुदतीनंतर सेरोटोनिन वाढवा नाहीतर घटवा, उमटलेला नकाशा जागचा हलत नाही.

ती मुदत हाच सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. माणसाच्या मुलांमध्ये अशी मुदत किती लांब असते याची थोडी कल्पना डायन चुगानी यांच्या १९९९ च्या अभ्यासातून येते. त्यांनी पीईटी स्कॅनने मुलांच्या मेंदूत, म्हणजे भिंतीच्या पलीकडच्या कारखान्यात, सेरोटोनिन बनवण्याची क्षमता बघितली. ऑटिझम नसलेल्या मुलांत ती पाच वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त होती आणि मग उतरत गेली. ऑटिझम असलेल्या मुलांत ती लहानपणी तेवढी नव्हती, आणि दोन ते पंधरा वर्षांच्या दरम्यान हळूहळू चढत प्रौढांच्या दीडपट झाली. म्हणजे वेळापत्रकच वेगळं. अभ्यास छोटा होता, त्यावर इमारत बांधू नये. पण एक गोष्ट त्यावरून ध्यानात येते. प्रश्न जास्त की कमी असा नाहीच. कुठल्या वयात, मेंदूच्या कुठल्या भागात, किती, असा आहे. कोपराच्या शिरेतून काढलेलं तीन मिली रक्त याचं उत्तर देऊ शकत नाही.

शिवाय सेरोटोनिन हा या विणीतला एक धागा आहे. ऑटिझमशी जोडलेली शंभराहून जास्त जनुकं आज माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा सेरोटोनिनशी थेट संबंध नाही.

एवढं सांगूनही एखादा बाप म्हणेल, आकडा वाढलेला आहे ना, मग औषध देऊन उतरवून तर बघा. हे करून झालेलं आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत फेनफ्लुरामिन हे औषध तीन मुलांना दिलं. रक्तातलं सेरोटोनिन उतरलं आणि मुलं सुधारली असं वाटलं. तीन मुलं! त्यावर केवढी आशा उसळली. मग मोठ्या चाचण्या झाल्या. रक्तातला आकडा उतरायचा, खात्रीने उतरायचा, पण मुलात फरक पडत नव्हता. हेच औषध मोठ्या माणसांना वजन उतरवायला दिलं जायचं. हृदयाच्या झडपा खराब होतात हे लक्षात आल्यावर १९९७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं.

मग उलट टोकाने प्रयत्न झाला. २००९ मध्ये सिटॅलोप्रॅमची चाचणी प्रसिद्ध झाली. ५ ते १७ वर्षांची १४९ मुलं, बारा आठवडे, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी मात्रा. तेच तेच करत राहणं कमी होतं का, हा प्रश्न होता. औषध घेतलेल्यांत सुधारली साधारण ३३ टक्के, रिकामी मात्रा घेतलेल्यांत ३४ टक्के. औषधवाल्या मुलांत झोप उडणं, चंचलपणा, आततायीपणा मात्र जास्त. या चाचणीतली रिकाम्या मात्रेवरची ३४ टक्के मुलं मला फार बोलकी वाटतात. मुलं वाढत असतात. वाढताना त्यांच्यात बदल होतातच. त्या काळात आपण जे काही देत असू, पावडर, थेंब, पथ्य, त्याला श्रेय जातं. म्हणून "आमच्या मुलाला फरक पडला" असं सांगणाऱ्या आईला मी खोटं पाडत नाही. तिने बदल डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो कशाने झाला, हे तिला एकटीला कळायला मार्ग नसतो. ते शोधायला १४९ मुलं लागतात.

गैरसमज नको म्हणून सांगते. ऑटिझम असलेल्या मोठ्या मुलाला किंवा माणसाला भीतीचा त्रास असेल, नैराश्य असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ विचार करून एसएसआरआय देतात. फार चिडचिड, स्वतःला मारून घेणं यासाठी रिस्पेरिडोन देतात, तेही काही अंशी पेशींवर सेरोटोनिन जिथे चिकटतं त्याच जागांवर काम करतं. कुणीही हा लेख वाचून चालू गोळी बंद करू नये. त्या गोळ्या लक्षणं बघून दिल्या जातात. रक्तातला बाण बघून नव्हे.

गरोदरपणाचंही बोलायला हवं, कारण सेरोटोनिन गर्भात काम करतं हे अर्धवट कानावर आलं की पुढचा बाण आईकडे वळतो. गरोदरपणी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या म्हणून मूल असं झालं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, लॅबच्या बाकावर, सासूच्या तोंडून, सून शेजारी बसलेली असताना. शंका अडाणीपणाची नव्हती, शास्त्रज्ञांनाही होती. सुरुवातीच्या काही अभ्यासांत तसा संबंध दिसलाही. मग नीट तुलना झाल्या. २०१७ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोचे आणि स्वीडनचे असे दोन मोठे अभ्यास आले. त्यांनी एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एका वेळी तिने गोळ्या घेतल्या होत्या, दुसऱ्या वेळी नाही. तशी तुलना केल्यावर ऑटिझमचा फरक उरला नाही. फरक गोळीमुळे वाटत होता तो बहुधा घराण्यातून आणि मूळ आजारातून येत होता. याउलट बाळंतिणीचं नैराश्य औषधाविना सोडलं तर काय होतं, ते मुंबईतल्या कुठल्याही प्रसूतिगृहातली सिस्टर सांगेल. त्या सुनेने गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवल्या असत्या तर तिच्या जिवाची जबाबदारी कुणी घेतली असती? फ्रिजसारख्या आईचा ठपका १९६१ मध्ये रक्ताच्या याच आकड्याने सैल केला होता. त्याच द्रव्याचं नाव घेऊन तो परत तिच्या कपाळी मारायचा, हे मला सहन होत नाही.

आणि मग बाजार. आतडं आणि सेरोटोनिन हे शब्द एकत्र आले की गहू बंद, दूध बंद. जे मूल मोजून चार पदार्थ खातं, वरणभात, ग्लुकोजची बिस्किटं, दूध आणि एका विशिष्ट ठेल्यावरचा बटाटेवडा, त्याचं दूध आणि बिस्किट काढून घेतल्यावर घरात काय होतं याचा विचार चिठ्ठी लिहिणाऱ्याने केलेला नसतो. बद्धकोष्ठ, पोटदुखी या मुलांना खरोखर होते आणि तिच्यावर उपचार झालेच पाहिजेत, पोटासाठी म्हणून. पथ्याने ऑटिझम जातो असा भरवशाचा पुरावा नाही. याच्या पुढची पायरी स्टेमसेलची, म्हणजे मूळ पेशी टोचण्याची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की रक्ताच्या ठरावीक विकारांपलीकडे स्टेमसेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणं अनैतिक आहे. २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळानेही ऑटिझमसाठी ते करू नये असंच सांगितलं. तरी भविष्यनिर्वाह निधी काढून, गावची जमीन विकून आईबाप पैसे भरतात. मी त्यांना वेडं म्हणणार नाही. आपल्या लेकराने एकदा 'आई' म्हणावं यासाठी कोण काय विकणार नाही?

आईबापांचा हक्क आहे, त्यांचे पैसे, त्यांचं मूल, सरकारने का मधे पडावं, असं एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं. हक्क खऱ्या माहितीवर चालतो. चिठ्ठीवर "या तपासणीने तुमच्या मुलाच्या मेंदूविषयी काहीही कळणार नाही" असं मराठीत छापा आणि आईची सही घ्या, मग करा. कितीजणी सही करतील? आणि जाणारी वस्तू केवळ पैसा नाही. दोन ते पाच ही वर्षं जातात. इमारतीची उपमा इथे अपुरी पडते, कारण मेंदू सिमेंटसारखा घट्ट होत नाही. जन्मानंतरही कितीतरी वर्षं तो वापराने, बोलण्याने, खेळण्याने घडत राहतो. जे गर्भात झालं ते रक्त तपासून मागे फिरत नाही, पण जे अजून घडतंय त्यात आपला हात लागू शकतो. ती वर्षं रिपोर्ट, पुन्हा रिपोर्ट, तीन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट यात घालवणं हा खरा तोटा आहे.

हात लावायचा म्हणजे काय, याचा पुरावा फार लांबचा नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक चाचणी झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका घरी जाऊन आईबापांना शिकवत होत्या: मूल ज्यात रमलंय त्यात आधी आपण शिरायचं, त्याच्या मागे मागे जायचं, मग त्यात शब्द आणायचे. सहा महिन्यांत बारा बैठका. आईबापांचं मुलाशी सूर जुळणं आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करणं, दोन्ही वाढलं. सुई नाही, बर्फ नाही, बाण नाही. टोपी फिरवणाऱ्या मुलाबरोबर आपणही एक टोपी फिरवायची, इथून सुरुवात.

मुंबईत हे व्हायला काय हरकत आहे? माणसं आहेत. शीव, केईएम, नायर, वाडिया या रुग्णालयांत मुलांच्या विकासाचं काम जाणणारे डॉक्टर आणि थेरपिस्ट आहेत. उम्मीदसारखी संस्था २००१ पासून याच कामात आहे. पण मानखुर्द, मालवणी, दहिसरच्या आईने आवाज सहन न होणारं मूल लोकलच्या गर्दीतून आठवड्यातून दोनदा परळला आणायचं, तेही बिगारीचा दिवस बुडवून, हे किती दिवस जमणार? दोन महिन्यांत ओपीडी सुटते. मग ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्लिनिकमध्ये जाते आणि तिथे चिठ्ठी मिळते. सोय जिथे नाही तिथे चिठ्ठी उगवते, हे मी तीस वर्षं काउंटरवरून पाहिलंय. त्यामुळे नुसती बंदी घालून भागणार नाही. थेरपी वॉर्डात यायला हवी, पालिकेच्या दवाखान्यात, निदान आठवड्यातले दोन दिवस.

आणि ओळख लवकर व्हायला हवी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी ठरलेली आहे, विकासातला विलंब त्यात येतो. पण मुंबईतली कितीतरी मुलं अंगणवाडीत जातच नाहीत. लसीला मात्र बहुतेक सगळी येतात. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. ऑटिझमच्या खुणा ओळखता येऊ लागतात ते नेमकं हेच वय. त्या दिवशी सिस्टरने चार प्रश्न विचारावेत. नावाने हाक मारली की वळून बघतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? तुम्ही कावळा दाखवलात तर तुमच्या बोटाकडे न बघता कावळ्याकडे बघतो का? बाहुलीला खोटं खोटं जेवण भरवतो का? दोनांना 'नाही' आलं तर वॉर्डातल्या थेरपीच्या दिवसाची चिठ्ठी द्यावी. चिठ्ठी द्यायचीच तर ही.

लसीच्या दिवशी विचारलं तर लोक ऑटिझम लसीला चिकटवतील, अशी भीती एका सिस्टरने बोलून दाखवली. भीती खरी आहे. लस आणि ऑटिझम जोडणारा १९९८ चा तो लेख २०१० मध्ये मासिकाने मागे घेतला, तरी अफवा अजून फिरते. म्हणून प्रश्न सुई टोचायच्या आधी विचारायचे आणि उत्तरं कार्डावर लिहायची. आधीची नोंद असली की नंतर कुणी लसीवर बोट ठेवू शकत नाही.

मागच्या महिन्यात भाचीच्या मुलाला बूस्टरसाठी पालिकेच्या केंद्रात नेलं होतं. रांगेत बसल्या बसल्या मी त्याचं कार्ड उलटसुलट करून बघितलं. वजनाचा आलेख आहे, डोसांच्या तारखांचे रकाने आहेत. दीड वर्षाच्या ओळीखाली बोटभर कोरी जागा आहे. चार प्रश्न बारीक अक्षरात तिथे मावतात. मी पेन्सिलीने लिहून बघितले.